सर्वानुमते, शालिकभाऊ सोडून

शालिकभाऊ रामटेके गेले, त्यानंतरच्या पहिल्याच ग्रामसभेत आमच्या बेलटोल्यानं त्यांना श्रद्धांजलीचा ठराव मांडला. ग्रामसेवकानं तो घसा खाकरून वाचला. 'गावाचे ज्येष्ठ मार्गदर्शक', 'निःस्वार्थ वृत्ती', सगळं होतं त्यात. वाचून झाल्यावर सरपंचांनी सवयीनं विचारलं, "कोनाची काही हरकत?"

आणि मी मागं वळून पाहिलं. मी एकटाच नाही, अर्ध्या सभेनं पाहिलं. मागच्या भिंतीला, पाण्याच्या माठाशेजारी, जिथं तीन पंचवार्षिक एक उंच माणूस हात वर करून उभा राहायचा, तिथं आता कुणाची तरी सायकल टेकवलेली होती. सायकलीची काही हरकत नव्हती. ग्रामसेवकानं रजिस्टरात लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.'

मला हसू आवरेना. ज्या माणसानं हा एक शब्द आमच्या रजिस्टरात येऊ नये म्हणून जन्म घालवला, त्याच्याच नावाच्या ठरावाखाली तो येऊन बसला! शोकसभेत हसणं बरं दिसत नाही म्हणून मी तोंडाला रुमाल लावला. शेजारच्यानं पाठीवर हात ठेवून म्हटलं, "रडू नोको गा." एवढा यशस्वी अभिनय मी दिवाळीनंतर भरणाऱ्या आमच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकातही कधी केला नव्हता.

मी म्हणजे गावचा माइकवाला. ऑटोच्या टपावर दोन भोंगे बांधायचे आणि बोलत सुटायचं. जनावरांच्या लसीपासून मंत्र्यांच्या सभेपर्यंत पंचक्रोशीतली सगळी दवंडी माझ्याच गळ्यातून निघते. निवडणुकीत सकाळी एका पक्षाचा, दुपारी जेवून दुसऱ्याचा. आवाज तोच, फक्त निशाणी बदलायची. एकदा चुकून सकाळची निशाणी दुपारी ओरडलो होतो. दोन्ही पक्षांच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शालिकभाऊ म्हणायचे, "बबन, तुया गळा लय समतावादी हाये. त्याले कोनीच परका नाही."

शालिकभाऊ एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी गावात त्यांना कंडक्टरच म्हणत. माणूस इतका उंच की एसटीत सरळ उभं राहता यायचं नाही. उभी नोकरी मान एका बाजूला कलती करून काढली आणि मग ती मान तशीच राहिली. त्यामुळं ते नेहमी कुणाचं तरी लक्ष देऊन ऐकताहेत असं वाटायचं. खरं म्हणजे ते ऐकतही असत. चालताना पाय जरा फाकवून टाकायचे, जणू बेलटोल्याची जमीनसुद्धा खड्ड्यातून चालली आहे. कुणाच्या अंगणात गेले तरी बायाबापड्यांना आधी खाटेवर बसवणार, मग म्हाताऱ्यांना, मग जागा उरली तर स्वतः. आणि समोर कोणत्याही जातीचा, कोणत्याही पक्षाचा माणूस येवो, आवाज चढवून "जय भीम!" समोरच्यानं "राम राम" म्हटलं तर त्यालाही तितक्याच चढ्या आवाजात "राम राम!" हिशेब तिथंच मिटला.

त्यांच्या खिशात तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी पंच असायचा. यंत्रातून तिकीट यायला लागल्यावर ते पंच निकामी झाले. शालिकभाऊंनी रीतसर अर्ज करून एक मागून घेतला आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय हा माणूस कुणाला कागद देत नसे. लेकीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा सही घेऊन वाटली असती, पण त्यांची बायको कौसल्याबाई आडव्या आल्या.

तर तो पंच. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. शालिकभाऊ घंटीचं काम पंचावर भागवायचे. पटलं तर टक-टक. नाही पटलं तर एकच टक. तोंड उघडायच्या आधी पंच बोलायचा. कौसल्याबाई वैतागून सांगायच्या, "भाजीत मीठ जास्त झालं का मानूस ताटावर टक करते. काहून, तोंडाले टाका घातला का? बोलाले का होते?"

"बोललो असतो त तू बोलली असती," शालिकभाऊ शांतपणे म्हणत. "टक ले उत्तर नाही."

ते विरोधी पक्षाचे. पक्ष कोणता ते विचारू नका. तुमच्या तालुक्यात जो विरोधी असेल तो धरा, फरक पडणार नाही. ते त्याचे आमच्या भागातले कार्यकर्ते होते, आणि शेवटी शेवटी तर आमच्या भागातला पूर्ण पक्षच ते होते. त्यांचं राजकारणाचं सगळं तत्त्वज्ञान एसटीत तयार झालेलं. मोहाडीच्या बाजारात चहाच्या टपरीवर मला समजावून सांगत होते एकदा.

"हे पाय, गाडी डायवर चालवते. स्टेरिंग त्याच्या हातात, ब्रेक त्याच्या पायाखाली. बराबर? मंग घंटीची दोरी त्याच्याजवळ काहून नाही देल्ली?"

"काहून?"

"काहून का त्याले समोरचंच दिसते. मांगच्या दारात कोन बाई लेकरू घेऊन उतरून राह्यली, कोनाचा पाय पायरीवर अन् कोनाचा जमिनीवर, हे त्याले दिसत नाही. ते मांगच्याले दिसते. म्हनून दोरी मांगच्याच्या हातात. विरोधी पक्ष म्हन्जे दुसरं काही नोहे. दोरीवाला मानूस."

मी नाटकी माणूस. असा मोका कसा सोडणार? दोन्ही हात पसरून म्हटलं, "अन् डायवरनं घंटी ऐकूनच नाही घेतली त, महाराज?"

शालिकभाऊंनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "तरी बी वाजवाची. डायवर नाही आयकत, पन पॅसिंजर त आयकते ना. त्यायले समजलं पाह्यजे का गाडी कोनीतरी थांबवून राह्यलं होतं."

आता कुणी म्हणेल, हा माणूस नेहमी बरोबरच होता. छे! कैकदा नुसता उच्छाद होता. शाळेला रंग द्यायचा ठराव आला. शालिकभाऊंची हरकत, कारण ठरावात रंग कोणता ते लिहिलं नव्हतं. मंडईच्या वर्गणीला हरकत, नालीच्या उतारावर हरकत. सभा जेवणाच्या वेळेपर्यंत लांबायची. एकदा एका नव्या ग्रामसेवकानं चिडून रजिस्टरात लिहून टाकलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर, शालिक रामटेके सोडून.' सभा खो खो हसली. शालिकभाऊंनी त्या पानाची खरी नक्कल मागितली, पोच दिली, आणि ती नक्कल काचेच्या चौकटीत घालून बैठकीत बुद्धाच्या तसबिरीखाली लावली. पाहुणे आले की दाखवायचे. लोक मुलांची मेडलं दाखवतात तसं.

पण एका ठरावाला त्यांनी हरकत घेतली नव्हती. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यांच्यासमोर कुणी बोलत नसे.

तेव्हा ते नुकतेच निवृत्त होऊन गावी आले होते आणि सरपंचपदाला उभे होते. माघारीच्या दोन दिवस आधी मारुतीच्या देवळापुढं गाव बसलं. तेव्हाही भाऊसाहेबच. भाऊसाहेब म्हणजे सत्तेतल्या पक्षाचे आमच्याकडचे पुढारी. तोंड इतकं गोड की मुंग्या लागाव्यात. त्यांनी सांगितलं, जे गाव बिनविरोध होईल त्याला आधी सडक मिळेल. निवडणूक झाली की भांडणं होतात, भावाभावात अबोला येतो, आणि बिनविरोध म्हणजे गावाचा एकोपा. हे ऐकून म्हाताऱ्यांचे डोळे पाणावले. शालिकभाऊंच्या पक्षाच्या जिल्हाध्यक्षांचाही निरोप आला की वरती समझोता झालाय, फॉर्म काढून घ्या. शालिकभाऊंनी काढला. गावानं त्यांना हार घातला. तो हार मी माइकवरून जाहीर केला होता.

सडक आली, नाही असं नाही. पण पुढच्याच वर्षी गावचा तलाव बाहेरच्या ठेकेदाराला देण्याचा ठराव ग्रामसभेत आला. त्या तलावावर आमच्या धिवरांची मच्छीमार सोसायटी पिढ्यान्‌पिढ्या जगत होती. शिंगाडा, झिंगे, मासोळ्या, सगळं त्यातलं. ठरावाला विरोध करणारा एकही सदस्य नव्हता, कारण सगळे सदस्य एकाच हातानं निवडलेले. आणि शालिकभाऊ त्या दिवशी सभेला गेलेच नाहीत. आता आपण कोण, असं त्यांना वाटलं. सर्वानुमते झालं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे काशीराम दिघोरे त्यांच्या दारात आले. शालिकभाऊंचा बालमित्र. दोघं त्याच तलावाच्या पाळीवरून उड्या मारत एकत्र पोहायला शिकलेले. काशीराम बसले नाहीत. म्हणाले, "कंडक्टर, आमचा पाय पायरीवर होता. तू डबल बेल देल्ली." आणि निघून गेले. त्यानंतर कित्येक वर्षं दोघं बोलले नाहीत.

त्या दिवसापासून शालिकभाऊ प्रत्येक निवडणुकीत उभे राहिले आणि प्रत्येक वेळी आपटले. एका खेपेला तर इतकी थोडी मतं पडली की ती कुणाकुणाची ते त्यांना तोंडपाठ होतं, आणि ते घरोघर जाऊन आभार मानून आले. लोक घाबरून नाकारायला लागले. "मी नोहो जी, मी नाही देल्लं!" पण तेवढी वर्षं गाव पुन्हा बिनविरोध झालं नाही.

मग दिवस पालटले. कसे ते तुम्हालाही ठाऊक आहे. आधी सत्तेतल्या माणसावर चहाच्या टपरीवर विनोद व्हायचे. मग ते हळू आवाजात व्हायला लागले आणि मग बंद झाले. ज्यानं मोबाइलवर काही लिहिलं त्याला ठाण्यातून चहाला बोलावणं यायचं. चहा देत नसत. माझं म्हणाल तर मी विनोद बंद केले नाहीत, फक्त विषय बदलले. सासू, नवरा, शेजारी. टाळ्या तेवढ्याच पडतात.

तशात भंडाऱ्याला शालिकभाऊंच्या पक्षाचं चिंतन शिबिर भरलं. माइक माझाच. मागं मोठा फलक होता: 'वाढती हुकूमशाही आणि आपली दिशा'. एकेक पुढारी उठायचा, लोकशाही धोक्यात आहे म्हणायचा, आणि आपलं भाषण संपलं की गाडीत बसून निघून जायचा. दुपार टळली. मंडपामागून वांग्याच्या भाजीचा वास यायला लागला तसं श्रोत्यांचं चिंतन त्या बाजूला वळलं. तेवढ्यात मागून 'टक' झालं. शालिकभाऊंना दोन मिनिटं मिळाली.

"साहेब," मान कलती करून ते जिल्हाध्यक्षांना म्हणाले, "हुकूमशाहीशी कसं लढाचं म्हनून विचारून राह्यले तुमी. मी दिल्लीचं नाही सांगू शकत. तालुक्याचं सांगतो. गेल्या खेपेले जी गावं बिनविरोध झाली, तिथी आपले मानसं नोहोते का? होते. फॉर्म वापस घ्या म्हनून कोनं सांगतलं? आपनच. दार आपन उघडून देल्लं, अन् आता पाव्हना घरात घुसला म्हनून बोंबलून राह्यलो."

मंडपात कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत.

"तर पयली गोष्ट. एक बी गाव बिनविरोध होऊ देऊ नोका. पडाले काय लागते? मी पडतो ना. मले काही झालं का? दुसरी गोष्ट, हे सभात्याग बंद करा. तुमी बाहेर जाऊन फोटो काढता, आत ठराव निघून जाते. बसून राहा. मारलं तरी बसून राहा. हरकत लिहून द्या अन् पोच घ्या. अन् तिसरी गोष्ट, सगळ्यात मोठी..."

तेवढ्यात संयोजकानं मला खूण केली. बोटं गळ्यावरून फिरवली. मी कोण आहे? मी माइकवाला. मी बटण फिरवलं. शालिकभाऊंचे ओठ हलत राहिले, आवाज येईना. "नोंद घेतली, नोंद घेतली," अध्यक्ष म्हणाले आणि सगळे उठले.

पंगतीत मी त्यांच्या शेजारी बसलो. लाज वाटत होती थोडी, म्हणून विचारलं, "भाऊ, ते तिसरं काय होतं जी?"

"जेव," ते म्हणाले. "जिलेबी थंडी होऊन राह्यली."

त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याच अध्यक्षांचा निरोप आला. तलाव आणि धान खरेदीच्या प्रश्नावर भंडाऱ्यात मोर्चा, कार्यकर्त्यांसाठी गाडी पाठवतोय. शालिकभाऊंनी हातानं रंगवलेला फलक घेतला, पंधरा-सोळा म्हातारे गोळा केले, आणि गाडी निघाली. गाडी गेली थेट एका लॉनमध्ये. खुर्च्या, पंखे, बासुंदी. शालिकभाऊ म्हणाले, "मोर्चा बसून हाये का?" तेवढ्यात मंचावर भाऊसाहेब आले, त्यांच्यामागून तेच जिल्हाध्यक्ष आले, आणि जाहीर झालं की विकासाच्या ओढीनं आज शेकडो कार्यकर्त्यांचा जाहीर प्रवेश! माणसं रांगेनं येऊन प्रत्येकाच्या गळ्यात गमछे घालत चालली. गावाहून निघताना विरोधक असलेले म्हातारे बासुंदीची वाटी हातात घेऊन सत्ताधारी झाले. एकानं तर विचारलं, "मंग आता घोषना कोनत्या द्याच्या?"

शालिकभाऊंच्या गळ्यात गमछा पडला, फोटोही निघाला. मग ते उठले, मंचासमोर गेले आणि पंच काढून एकदा वाजवला. टक. एवढ्या गडबडीत तो कुणाला ऐकू जाणार? पण अध्यक्षांना गेला. मी मंचाखाली तारा धरून होतो, मी पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि हारातलं एक फूल चुरगाळत राहिले.

शालिकभाऊ फलक खांद्यावर घेऊन एकटेच बसस्थानकावर आले आणि साध्या गाडीनं परतले. गमछा त्यांनी वाटेत केळीवालीला दिला, ऊन लागू नये म्हणून टोपलीवर टाकायला. पोच घेतली की नाही, विचारायचं राहून गेलं.

एवढं सगळं मी हसत सांगतोय, कारण मला दुसऱ्या पद्धतीनं सांगता येत नाही. पण यापुढं माझंच अवघड होतं.

यंदा पुन्हा निवडणूक लागली. भाऊसाहेबांनी जाहीर केलं, या खेपेला त्यांच्या हद्दीतलं प्रत्येक गाव बिनविरोध होणार. प्रत्येक. गोडवा होताच, पण आता मुंग्या लागत नव्हत्या, माणसं सरळ चिकटत होती. एकेका गावाचा उमेदवार माघार घेत गेला. शेवटी उरलं बेलटोला.

शालिकभाऊंनी फॉर्म आणला. फॉर्मवर उमेदवाराखेरीज आणखी एकाची सही लागते, त्याचं नाव सुचवणाऱ्याची. सूचक म्हणतात त्याला. ते सगळ्यांत आधी माझ्याकडं आले.

"सही देतं का, बबन?"

मी काय अभिनय केला म्हणून सांगू! छातीवर हात ठेवला, डोळे ओले केले. "भाऊ, मी कलावंत मानूस. सगळ्यायचा. मी एका बाजूनं गेलो त माया भोंगा बंद होईन."

त्यांनी माझ्याकडं कलत्या मानेनं पाहिलं. "बरं," म्हणाले. "तुयी शीट खिडकीची हाये. नोको उठू." आणि हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

ते आपल्या मोहल्ल्यात फिरले, पलीकडच्या टोल्यातली घरं फिरले. कुणाचा मुलगा कंत्राटी नोकरीत, कुणाचं घरकुल अडकलेलं, कुणाच्या नावानं आधीच ठाण्याची नोटीस. सही कुणी देईना. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी दारात काशीराम दिघोरे उभे राहिले. इतक्या वर्षांनी. अंगावर धुतलेला सदरा होता. हे मला कौसल्याबाईंनी सांगितलं.

"कुठी कराची सही?" एवढंच बोलले. केली. कौसल्याबाईंनी चहा ठेवला. काशीराम या खेपेला बसले, चहा पिऊन गेले. शालिकभाऊ फॉर्मकडं पाहत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. गेल्या वर्षीच्या मोठ्या आजारपणातसुद्धा न रडलेला माणूस.

कौसल्याबाई व्यवहारी. त्या म्हणाल्या, "आनखी एक फॉर्म भरून ठेवा, दुसऱ्याच्या सहीचा. मायी मोठी बहीन देईन सही. एक बाद झाला त दुसरा रायते."

नियमात ती सोय आहे. एका उमेदवाराला एकाहून जास्त फॉर्म भरता येतात. तीन पंचवार्षिक कागद आणि पोच यांच्यावर जगलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

"नाही," शालिकभाऊ म्हणाले. "तो इतक्या वर्षानं दारात आला. दुसरी सही घेतली म्हन्जे काशीरामवर मले भरोसा नाही, असं होईन. त्याले मालूम पडन त काय वाटन?"

"काही नाही वाटत बापा. कागद हाये तो."

"नाही."

टक. एकदाच.

छाननीच्या दिवशी मी तालुक्याला होतो, भाऊसाहेबांच्या उमेदवाराच्या मिरवणुकीची वेळ ठरवायला. कचेरीच्या दारात उभा होतो. नावं पुकारली गेली. 'शालिक रामटेके' म्हटल्यावर भाऊसाहेबांचा वकील उठला आणि म्हणाला, सूचक स्वतः हजर आहेत, त्यांना काही सांगायचंय.

काशीराम पुढं आले. तोच धुतलेला सदरा. अधिकारी भला माणूस होता, त्यानं दोनदा विचारलं, "बाबा, नीट पाहून सांगा. ही सही तुमची आहे?"

काशीरामांनी फॉर्मकडं पाहिलं नाही. खिडकीकडं पाहत म्हणाले, "नाही जी. मायी नोहे."

सगळ्यांना ठाऊक होतं ती कुणाची. अधिकाऱ्यानं शालिकभाऊंना विचारलं, "तुमचं काय म्हणणं? तपासून घ्यायची का सही?"

आता सांगा, हरकतीसाठी जन्मलेला हा माणूस! मागच्या भिंतीला टेकून उभा होता, हात खिशात. आता पंच निघणार, असं मला वाटलं. तपासणी मागितली असती तर काशीराम खोटे ठरले असते, खोटं बोलल्याचा गुन्हा त्यांच्यावर लागला असता. शालिकभाऊंनी काशीरामांकडं पाहिलं. काशीरामांनी अजून खिडकी सोडली नव्हती.

"हरकत नाही," शालिकभाऊ म्हणाले.

उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

बाहेर लिंबाखाली मी त्यांना गाठलं. मला खरंच राग आला होता, अभिनय नव्हता. "भाऊ, काहून सोडलं तुमी? त्यानं सरळ खोटं सांगतलं!"

"त्याले तलाव वापस देतो म्हनून कबूल केलं हाये भाऊसाहेबानं," ते म्हणाले. "सोसायटीले. येऊ दे बापा. मायाच घंटीनं गेल्ता." मग माझ्याकडं वळले. "तू विचारलं होतं ना, शिबिरात, तिसरी गोष्ट?"

"हो."

"उमेदवाराचं काही नाही रे. तो वेडाच रायते. त्याच्यामांगं जो सही करते, त्याले एकटं पडू देऊ नोका. पक्ष तिथी उभा पाह्यजे. त्याच्या घरी, त्याच्या दारात. बाकी भाषन कमी झाले तरी चालते." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "मी बी त काल गेलो नाही त्याच्या घरी. म्हटलं, दोस्त हाये. कायले जाचं."

तलाव अजून आलेला नाही. कागद तयार होऊन राहिला आहे, असं म्हणतात. काशीराम आता कुठल्याच सभेला येत नाहीत. शालिकभाऊंच्या मातीला आले होते, सगळ्यांत मागं उभे होते.

आणि शालिकभाऊ मला शेवटचे दिसले ते माघारीच्या मुदतीनंतरच्या दिवशी, भर दुपारी. बेलटोला बिनविरोध झालं होतं. डीजे, गुलाल, पोरं नाचताहेत, आणि सगळ्यांच्या पुढं माझा ऑटो. माझा मेहुणा चालवत होता, मी मागं बसून माइकवर सुटलो होतो. "एकजुटीचा विजय! विकासाचा विजय! बेलटोला गाव बिनविरोध!" मी माझ्या कामात वाईट नाही. गाव दणाणत होतं.

मोहल्ल्याच्या वळणावर ते रस्त्याच्या कडेला उभे होते. एसटीतला जुना खाकी शर्ट अंगात, मान कलती. कौसल्याबाई दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "घरात या, म्हन्तो ना!" ऑटो जवळ आला तसा त्यांनी उजवा हात सरळ वर केला, ग्रामसभेत करायचे तसा, आणि डाव्या हातात पंच होता. एवढ्या डीजेत तो ऐकू येणं शक्य नाही. पण त्यांचा अंगठा दाबला जाताना मी पाहिला. एकदा.

माझ्या मेहुण्यानं ब्रेक मारला. का ते त्यालाही सांगता येणार नाही. सवय असेल, त्यांच्या गाडीनं शाळेत गेलेला तो. ऑटो थांबला. मी बोलायचा थांबलो. मागची पोरं एकमेकांवर आदळली. भोंग्यातून नुसती खरखर येत होती, आणि शालिकभाऊ रस्त्याच्या कडेला हात वर करून उभे होते. किती वेळ कोण जाणे. एक बाई लेकरू घेऊन उतरायला लागतो, तेवढा असेल.

मग टपावर दोन थापा पडल्या आणि ऑटो निघाला. मी मागच्या बाजूनं पाहत राहिलो; गुलालात ते लहान होत गेले, हात तसाच वर.

थापा मारणारा हात माझा होता.